संगणक प्रयोगशाळांतील फाइल निवडीवरचे निर्बंध : पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एकाच संगणकावर दिवसभरात अनेक बॅचेस बसतात, आणि फाइल उघडण्याची चौकट कितपत मोकळी ठेवायची, हा वाद तितकाच जुना आहे. सर्व प्रोग्रॅमना सामाईक अशी ही चौकट विंडोज ३.१ सोबत १९९२ मध्ये आली, तेव्हा ती निव्वळ यादी होती. विंडोज ९५ पासून मात्र तिच्यातच फाइलचे नाव बदलणे, फाइल पुसणे, उजव्या क्लिकने दुसरे काही उघडणे शक्य झाले. त्यामुळे डेस्कटॉप कितीही आवळला तरी नोटपॅडच्या 'ओपन'मधून सगळी डिस्क हाताशी राहू लागली.

विंडोज २००० च्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे व्यवस्थापकाने वापरकर्त्यांवर निर्बंध लावण्याच्या व्यवस्थेत, ड्राइव्ह लपवण्याची आणि ड्राइव्हमध्ये जाऊ न देण्याची अशा दोन वेगळ्या सोयी होत्या. पहिल्या सोयीने केवळ चिन्हे नाहीशी होतात आणि मार्ग टाइप केल्यास ड्राइव्ह उघडता येतो, हे तिच्या अधिकृत माहितीतच नमूद आहे. तरीही चिन्हे दिसेनाशी झाली की बंदोबस्त झाला, असे मानण्याची सवय बराच काळ टिकली.

पुढचा टप्पा पेन ड्राइव्हचा. फोल्डरचे चिन्ह धारण केलेली 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' ही फाइल विद्यार्थी निःशंकपणे डबल-क्लिक करत, कारण शेवटची तीन अक्षरे विंडोज मुळातच दाखवत नसे. ऑटोरनचा, म्हणजे पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याचा, उपद्रव इतका वाढला की विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी ती सोय बंद ठेवण्यात आली आणि २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांनाही तसा बदल देण्यात आला. तोपर्यंत अनेक लॅब असिस्टंटनी रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातील) पेन ड्राइव्हसाठीच्या 'यूएसबीस्टोर' या नोंदीची किंमत ३ वरून ४ करून पेन ड्राइव्हच बंद करून टाकले होते. जर्नलच्या प्रिंटआउटसाठी मग फाइल स्वतःलाच ई-मेल करावी लागे, आणि फाइल निवडीचा सारा भार ब्राउझरवर आला.

खरा मतभेद इथे आहे. क्रोममध्ये २०११ पासून असलेल्या एका धोरणाने, म्हणजे व्यवस्थापकाने लावायच्या सेटिंगने, फाइल निवडण्याची चौकट पूर्णपणे बंद करता येते. चौकट उघडेल अशी कोणतीही कृती केली, की वापरकर्त्याने 'रद्द करा' दाबले असे ब्राउझर गृहीत धरतो. या निर्बंधात अपलोड आणि 'सेव्ह अ‍ॅज' वेगळे काढलेले नाहीत, तसेच विशिष्ट फोल्डरपुरती मुभाही त्यात नाही. प्रश्नपत्रिका पडद्यावर सोडवायची असते त्या परीक्षेत हे योग्यच आहे. परंतु हीच प्रयोगशाळा प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत अर्ज भरण्याची जागा होते. घरी संगणक नसलेला विद्यार्थी उत्पन्नाचा दाखला जोडायला जातो आणि 'फाइल निवडा' हे बटण त्याला दाद देत नाही. निर्बंधाच्या बाजूचा युक्तिवाद गोपनीयतेचा असतो, आणि तो पोकळ नाही. डाउनलोड्स फोल्डरमध्ये आधीच्या मुलीची गुणपत्रिका आणि आधार कार्डाची प्रत सर्रास सापडते. मात्र चौकट बंद करूनही ती प्रत तिथेच राहते, आणि अ‍ॅड्रेस बारमध्ये 'फाइल' आणि तीन तिरक्या रेषांनी सुरू होणारा पत्ता टाइप केला तर दिसतेही. तो मार्ग अडवायला पत्त्यांच्या बंदीयादीत वेगळी नोंद करावी लागते. सोय व्यवस्थापकाची आणि गैरसोय अर्जदाराची, असाच हा निर्णय बहुतेकदा ठरला आहे.

फायरफॉक्समध्ये असेच धोरण २०२४ मध्ये आले. दरम्यान काही ठिकाणी चौकट मोकळी ठेवून, यंत्र पुन्हा सुरू होताच डिस्क पूर्वस्थितीत आणणारी सॉफ्टवेअर वापरली जाऊ लागली. त्यांचा परिणाम रीस्टार्टवर अवलंबून असतो, आणि दोन बॅचेसच्या मध्ये यंत्र रीस्टार्ट करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही; त्यामुळे सकाळी अपलोड केलेला दाखला दुपारच्या बॅचलाही डाउनलोड्समध्ये दिसतो.