नवी रॅम टाकली आणि स्क्रीन काळीच? आधी थोडं थांबा

रॅम वाढवायची म्हणून कॅबिनेट उघडलं, नव्या स्टिक्स खटकन बसवल्या, बटण दाबलं, पंखे फिरले, लायटी पेटल्या आणि स्क्रीन मात्र काळीच. एखाद मिनिट कसंबसं जातं, मग माणूस घाबरतो, बटण दाबून धरून पीसी बंद करतो, परत चालू करतो, परत तेच. शेवटी दुकानदाराला फोन जातो की रॅम डेड आलीये, बदलून द्या. डीडीआर५, म्हणजे रॅमची नवी पिढी, असलेल्या मशीनवर हे फार बघायला मिळतं आणि खरंच जीव हळहळतो, कारण पुष्कळदा सगळं ठणठणीत असतं, मशीन आतल्या आत मोजमाप करत बसलेलं असतं आणि आपण मध्येच त्याची वीज तोडतो.

मोजमाप कसलं, तर वेळेचं. डीडीआर५-६००० रॅम म्हणजे प्रत्येक डेटा लाइनवरून सेकंदाला ६०० कोटी बिट्स. एका बिटच्या वाट्याला येतात साधारण १६७ पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग, आणि नॅनोसेकंद सेकंदाचा अब्जावा). मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषेतून सिग्नल एका नॅनोसेकंदात १५ सेंमीच्या आसपास जातो, म्हणजे एका बिटच्या वेळात तो जेमतेम अडीच सेंमी सरकला. सीपीयूपासून रॅमच्या स्लॉटपर्यंतचं अंतर त्याहून जास्त भरतं, म्हणजे पहिला बिट रॅमपर्यंत पोचायच्या आतच मागून दुसरा निघालेला असतो! आणि दोन स्टिक्स असतील तर अशा १२८ डेटा लाइन्स, प्रत्येकीची लांबी किंचित वेगळी, प्रत्येक स्टिकची चिप वेगळी, त्यात तापमानाचा फरक. नेमकं कुठल्या क्षणी वाचलं तर बिट बरोबर मिळेल हे कारखान्यात बसून कुणीच सांगू शकत नाही, ते त्या-त्या मशीनलाच शोधावं लागतं.

याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. सीपीयूतला मेमरी कंट्रोलर माहितीचा ठरावीक पॅटर्न रॅमला पाठवतो, परत वाचतो, जुळला का बघतो, मग वेळ किंचित मागे सरकवतो, किंचित पुढे सरकवतो, व्होल्टेजची पातळी बदलून बघतो. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना काटा अलीकडे-पलीकडे करत खरखर कुठे सुरू होते ते आपण बघायचो ना, अगदी तसंच, दोन्ही बाजूंना चुका कुठे सुरू होतात ते शोधायचं आणि मग मधोमध थांबायचं. हे प्रत्येक लाइनसाठी. रॅम जितकी जास्त तितका वेळ जास्त. २०२२ मध्ये एएमडीचे रायझन ७००० प्रोसेसर आणि त्यांचे एएम५ सॉकेटवाले बोर्ड आले तेव्हा पहिल्या बूटला, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू व्हायला, कित्येक मिनिटं जायची आणि काही बोर्डांवर तर रॅमच्या स्लॉटवरच तसं सांगणारे स्टिकर लावलेले होते. फार चांगलं केलं, सगळ्यांनीच लावायला हवेत.

मग स्क्रीनवर साधं ‘थांबा’ एवढं तरी का येत नाही? कारण तेव्हा रॅमच तयार नसते. या एएमडी चिप्समध्ये ट्रेनिंगचं काम एक छोटा वेगळा प्रोसेसर करतो, तोपर्यंत मुख्य कोअर सुरूसुद्धा झालेले नसतात, आणि ग्राफिक्स कार्डची पाळी तर त्याच्याही नंतर. ट्रेनिंग एकदा जमलं की आकडे साठवून ठेवता येतात, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं सॉफ्टवेअर) मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर नावाचं सेटिंग असतं ते याचसाठी. रॅम बदलली की जुने आकडे बाद, पुन्हा पहिल्यापासून. मध्येच बटण दाबलं तरी पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे घाईघाईत चार वेळा बंद-चालू करणारा माणूस दर वेळी शून्यावरच येतो.

म्हणून आधी पंधरा मिनिटं द्या. बोर्डावर सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स), बूट असे चार बारीक एलईडी असतील तर तिकडे बघा, डीरॅमचा पेटलेला असेल आणि मधूनच मशीन आपलं आपण रीस्टार्ट होत असेल तर ते प्रयत्न करतंय. व्हीजीएवर अडकलं असेल तर रॅमच्या मागे लागू नका, ग्राफिक्स कार्डची पॉवर केबल बघा, मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाला लागलीये का बघा.

तरीही डीरॅमवरच अडकलं तर एकच स्टिक ठेवा, सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, बहुतेक बोर्डांवर त्याला ए२ म्हणतात. दुसराच का, तर बहुतेक बोर्डांवर लाइन पहिल्या स्लॉटवरून दुसऱ्याकडे जाते, स्टिक पहिल्यात लावली तर पुढचा तुकडा नुसता लोंबकळत राहतो आणि सिग्नल तिथे आपटून परत येतो, एवढ्या वेगात तो परतलेला सिग्नल पुढच्या बिटमध्ये मिसळतो. स्टिक दोन्ही टोकांना नीट दाबा, अर्धवट बसलेली रॅम हे सगळ्यात कॉमन कारण. खोडरबर घासायची आपल्याकडे सवय आहे पण नव्या स्टिकवर नको, सोन्याचा थर अगदी पातळ असतो, पुसायचंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल.

मग सीमॉस क्लिअर, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसून टाकणं. पॉवरची केबल काढून बोर्डावरच्या त्यासाठीच्या जंपरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडायच्या. बोर्डावरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल काढूनही चालतं, पण काही नव्या बोर्डांवर सेटिंग फ्लॅश चिपमध्ये असतात, तिथे जंपरच बरा. जुन्या रॅमसाठी लावलेला एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला जास्तीचा वेग देणारं तयार सेटिंग) आणि व्होल्टेज त्याने निघून जातं आणि नवी रॅम तिच्या साध्या वेगाने सुरू व्हायला बघते.

आणि जुन्या दोन स्टिक्सना जोडून नव्या दोन टाकल्या असतील तर एक लक्षात घ्या, रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिक्सना ५२०० आणि चार स्टिक्सना फक्त ३६०० आहे. चारही ६००० वर चालतीलच याची खात्री कुणी देत नाही. त्यामुळे ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोनच स्टिक्सचा एक किट घ्या आणि जुन्या विकून टाका.