आयव्ही लीग फुटबॉल : कॉन्फरन्समधील कामगिरी आणि हंगामाची एकूण कामगिरी

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या, म्हणजे अंडाकृती चेंडूने खेळल्या जाणाऱ्या तिथल्या फुटबॉलच्या, गुणतक्त्यात प्रत्येक संघापुढे जय-पराजयाच्या आकड्यांच्या दोन जोड्या दिलेल्या असतात. एक जोडी कॉन्फरन्समधील, म्हणजे संघ ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतो त्या गटातील, सामन्यांची असते, तर दुसरी संपूर्ण हंगामाची. नव्या वाचकाचे लक्ष साहजिकच मोठ्या आकड्यांकडे जाते आणि त्यावरून तो विजेता ठरवू लागतो. घोळ नेमका तिथेच होतो, कारण कॉन्फरन्सचे विजेतेपद केवळ पहिल्या जोडीवर ठरते.

ईशान्य अमेरिकेतील आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीग या कॉन्फरन्सचा २०२३ चा हंगाम हा फरक जितका स्वच्छ दाखवतो, तितका क्वचितच दुसरा एखादा हंगाम दाखवत असेल. या लीगमधील संघ हंगामात दहा सामने खेळतो : सात लीगमधल्या उरलेल्या सात संघांशी आणि तीन बाहेरच्या संघांशी. त्या वर्षी हार्वर्डने आठ सामने जिंकले व दोन गमावले, येलची नोंद ७-३ अशी झाली आणि डार्टमथची ६-४. एकूण कामगिरी पाहिली तर हार्वर्ड निर्विवाद पहिले ठरते. परंतु कॉन्फरन्समध्ये तिन्ही संघ ५-२ वर थांबले होते आणि विजेतेपदासाठी बरोबरी फोडण्याची पद्धत या लीगमध्ये नसल्यामुळे तिघेही संयुक्त विजेते झाले. बाहेरच्या तीन सामन्यांपैकी हार्वर्डने तीन, येलने दोन आणि डार्टमथने एक जिंकला होता. सगळी तफावत तेवढ्यातूनच आली.

विजेतेपदाचा हा निकष मला योग्य वाटतो. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा भिडतो, त्यामुळे सर्वांची परीक्षा जवळपास सारखी असते. बाहेरचे प्रतिस्पर्धी मात्र प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्रपणे ठरवते आणि त्यांच्या ताकदीत मोठा फरक असतो. आयव्ही लीग खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती देत नाही. डार्टमथ ज्या न्यू हॅम्पशायरकडून हरले, ते विद्यापीठ देते. असा पराभव विजेतेपदाच्या हिशेबात धरणे म्हणजे अवघड प्रतिस्पर्धी निवडणाऱ्या संघाला शिक्षा करण्यासारखे झाले असते. शिवाय डार्टमथचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स मार्चमध्ये सायकल चालवताना झालेल्या अपघातात गंभीर जखमी झाले होते आणि हंगाम नुकताच सुरू झाला असताना, १९ सप्टेंबरला, त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेले प्रशिक्षक सॅमी मॅकॉर्कल यांच्या हाताखाली त्या मुलांनी जे विजेतेपद मिळवले, त्याची कल्पना ६-४ या आकड्यांवरून कुणालाही येणार नाही.

तरीही एकूण कामगिरी निरुपयोगी नाही. राष्ट्रीय क्रमवारी ठरवताना आणि राष्ट्रीय बाद फेरीसाठी निवड समिती संघ निवडते तेव्हा संपूर्ण हंगाम तपासला जातो. आयव्ही लीगचे संघ पूर्वी या बाद फेरीत खेळतच नसत, म्हणून तिथे हा आकडा बराचसा प्रतिष्ठेपुरता उरला होता. २०२५ च्या हंगामापासून लीगने ती बंदी उठवली असून आता विजेत्याला थेट प्रवेश मिळतो, तर इतरांना समितीच्या निवडीवर अवलंबून राहावे लागते. न्यू इंग्लंडमधील लहान महाविद्यालयांच्या नेस्कॅक कॉन्फरन्समध्ये मात्र हा प्रश्न उद्भवत नाही. तिथे २०१७ पासून दहा संघ नऊ सामने आपसातच खेळू लागले, त्यामुळे नियमित हंगामाच्या दोन्ही जोड्या एकच असतात.

विजेतेपद तिघांत वाटता येते, पण थेट प्रवेशाची जागा एकच असते. त्यामुळे २०२३ सारखी बरोबरी आता झाली, तर ती जागा कुणाची हे ठरवावेच लागेल. त्या वर्षीच्या तिघांचे आपसातले निकाल पाहिले, तर हार्वर्डने डार्टमथला हरवले होते आणि येलने दोघांनाही.