सॅम बर्जेस: सहा नंबर की बारा नंबर?

सॅम बर्जेसचं नाव काढलं की इंग्लंडमधले रग्बीवाले अजूनही २०१५ वर येऊन थांबतात. मायदेशातल्या विश्वचषकातून इंग्लंड साखळीतच बाद झालं. मुख्य यजमानांवर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. खापर फुटलं ते पाच कसोटींचाच अनुभव गाठीला आलेल्या माणसावर.

हे समजायला आधी 'रग्बी' या शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. आपल्याकडे बॉम्बे जिमखान्यावर जी दिसते ती युनियन रग्बी. बर्जेस घडला तो लीग रग्बीमध्ये. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब युनियनपासून वेगळे झाले, त्यातून लीग आली. शनिवारच्या सामन्यापायी गिरणी-खाणकामगारांचा खाडा पडायचा, त्याची भरपाई द्यायची की नाही, यावरून भांडण होतं. पुढे लीगचे खेळाडू पंधराचे तेरा झाले आणि नियमही बदलत गेले. लीगमध्ये खाली पाडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ सुरू राहतो, सहा टॅकलपर्यंत, म्हणजे सहा वेळा पाडेपर्यंत. युनियनमध्ये पडल्या जागीच चेंडूसाठी झोंबाझोंबी होते. नाव एक असलं तरी हे दोन वेगळे व्यवसाय आहेत.

ड्यूजबरीच्या बर्जेस घरात लीगच चालायची. वडील व्यावसायिक खेळाडू. २००७ मध्ये मोटर न्यूरॉन आजाराने गेले. चार भाऊ, चौघेही व्यावसायिक. सॅम दुसरा, त्याच्या पाठचे दोघे जुळे. सतराव्या वर्षी तो ब्रॅडफर्ड क्लबाकडून उतरला आणि २०१० मध्ये सिडनीच्या साउथ सिडनी क्लबात गेला. हॉलिवूडचा एक नट या क्लबाच्या मालकांपैकी एक. मागोमाग भाऊही आले. २०१३ मध्ये चौघे एकाच सामन्यात एकाच संघाकडून खेळले. ऑस्ट्रेलियातल्या अव्वल लीगमध्ये असं पुन्हा घडायला शंभरहून जास्त वर्षं गेली होती.

याच लीगची २०१४ ची अंतिम लढत तर दंतकथाच झाली आहे. पहिल्याच धडकेत गालाचं हाड मोडलं, तरी गडी पूर्ण सामना खेळला आणि सामनावीर ठरला. साउथ सिडनीने ३०-६ ने जिंकून १९७१ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. युनियनमधल्या बाथ क्लबाशी करार त्याआधीच झालेला होता.

आणि इथेच घोळ झाला. बाथने आधी त्याला मधल्या फळीत, सेंटरला खेळवून पाहिलं, मग पुढच्या फळीत सहा नंबरला, म्हणजे फ्लँकरला नेलं. आडदांड अंग, टॅकलची भूक पाहता जागा पटण्यासारखी होती. पण राष्ट्रीय निवडकर्त्यांना तो हवा होता बारा नंबरला, सेंटरला. तिथे नुसती ताकद पुरत नाही. पास कधी द्यायचा, कोणाला मोकळं सोडायचं, हे वर्षानुवर्षं अंगात मुरावं लागतं. क्लब एक जागा शिकवतो, देश दुसरी मागतो, आणि हे विश्वचषकाच्या तोंडावर! एखाद्या विकेटकीपरला कसोटीच्या आदल्या महिन्यात सलामीला पाठवावं, तसाच हा प्रकार.

विश्वचषकात वेल्सविरुद्ध त्याला पहिल्यापासून खेळवलं. इंग्लंड २५-२८ ने हरलं. टीका करताना एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे गाळली जाते: त्याला बाहेर बोलावलं तेव्हा इंग्लंड आघाडीवर होतं. शेवटी बरोबरीची पेनल्टी किक न घेता कोपऱ्यात लाइनआउट (सीमारेषेवरून चेंडू आत फेकून खेळ सुरू करणं) मागण्याचा जुगार खेळला गेला, त्या वेळी तो मैदानावरच नव्हता. पुढच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियाने १३-३३ ने हरवून कारभार आटोपला.

नोव्हेंबरमध्ये बाथचा करार अर्धवट सोडून तो साउथ सिडनीला परतला. 'पळाला' असं म्हणणारे बरेच होते. २०१७ च्या लीग विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो इंग्लंडकडून खेळला. ऑस्ट्रेलियाने ६-० ने निसटता विजय मिळवला. २०१९ मध्ये खांद्याने दगा दिला आणि तिशीतच निवृत्ती पत्करावी लागली. पुढे २०२४ च्या हंगामापासून तो लीगमध्येच, वॉरिंग्टन क्लबाचा प्रशिक्षक झाला.