पायाचा अंगठा वळला की तार बरोबर बसली

चोपड्याहून एसटीने धुळ्याला जायचं असलं की माझी मावशी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. तेही मे महिन्यात. "रस्तामा गाडी थांबत नही," एवढंच म्हणते. लघवी लागली की तिला दोन मिनिटंही धरवत नाही, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला कळलं ते तिच्या पिशवीत जास्तीचं लुगडं दिसलं म्हणून. बरं, पाणी तोडून फायदा काहीच नाही. लघवी दाट होऊन जास्त झोंबते आणि वर पोटही साफ होत नाही.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. 150-200 भरली की कमरेखालच्या त्रिकास्थीतून, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडातून, जाणाऱ्या नसा पहिली वर्दी मेंदूला देतात. मेंदू म्हणतो, "थांब जरा," आणि आपण कामाला लागतो. काहींच्या बाबतीत मात्र ही वर्दीच बिघडते. पान हललं तरी रानडुक्कर आलं म्हणून डबा बडवणाऱ्या राखणदारासारखी. शौचावर ताबा ठेवणाऱ्या नसाही याच वाटेने जातात, म्हणून एकाच माणसाला दोन्ही त्रास असू शकतात.

या नसांना विजेचे हलके ठोके द्यायचे, ही कल्पना सॅन फ्रान्सिस्कोच्या एमिल तनाघो आणि रिचर्ड श्मिट यांनी 1980च्या दशकात माणसांवर वापरली. अमेरिकेत लघवीसाठी 1997 साली आणि शौचासाठी 2011 साली तिला मान्यता मिळाली. त्रिकास्थीच्या तिसऱ्या छिद्रातून बारीक तार नसेजवळ सरकवतात. तार नेमकी बसली की गुदद्वाराभोवतीचे स्नायू आत खेचले जातात आणि पायाचा अंगठा खाली वळतो. इलाज मूत्राशयाचा आणि डॉक्टरांची नजर अंगठ्यावर, हे मला भारी वाटतं.

ठोके देणारं यंत्र लगेच शरीरात बसवत नाहीत. आधी काही दिवस ते बाहेर कमरेला लावून फिरायचं आणि किती वेळा गेलो, किती वेळा कपडे भिजले, हे वहीत लिहायचं. त्रास निम्म्यावर आला तरच यंत्र कुल्ल्याच्या वरच्या भागात कातडीखाली जातं. पेसमेकरचाच भाऊबंद तो. हे ठोके मूत्राशय दाबत नाहीत, वर जाणारी वर्दी सौम्य करतात. नेमकं कसं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

पण ही पहिली पायरी नव्हे. आधी लघवीची आणि साखरेची तपासणी, मग ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, मग गोळ्या. त्यानेही भागलं नाही तर कापाकापीशिवायचा एक मार्ग आहे: आतल्या घोट्याच्या तीन बोटं वर बारीक सुई टोचून अर्धा तास ठोके द्यायचे. घोट्याजवळच्या या नसेची काही मुळंही त्रिकास्थीतलीच. आठवड्यातून एकदा, असे 12 आठवडे.

मावशीला हे समजावून सांगितलं. तिने आधी हिशेब घातला: "म्हणजे बारा वेळा एसटी?" मग मी तिला सुईऐवजी घोट्याला चिकटपट्ट्या लावून घरीच वापरायच्या यंत्राबद्दल सांगितलं. तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "डॉक्टर बाईच ऱ्हाई ना?"