मोह : झाड धुऱ्यावर, फूल कायद्यात

चिकूच्या कुळातल्या मधुका या प्रजातीत शंभराच्या आसपास जाती आहेत. दक्षिण आशियापासून न्यू गिनीपर्यंत त्या पसरल्या आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यातला मोह त्यांपैकीच एक. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस, त्याला 'बॅसिया' म्हणत, म्हणून जुन्या सरकारी कागदांत तेच नाव सापडतं.

या झाडाच्या फुलावर झाडाखालच्या माणसाचा हक्क सहसा पूर्ण नव्हताच. पूर्व विदर्भात मालगुजारी (सारा वसूल करणारी जमीनदारी) होती तेव्हा गावातल्या मोहावर मालगुजाराचा शब्द चाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, पण १९२७ चा भारतीय वन कायदा कायम राहिला. त्यात मोहफूल आणि मोहाचं बी नाव घेऊन वनोपज ठरवलं आहे, तेही 'जंगलात सापडलेलं असो वा नसो' या अटीसह. म्हणजे स्वतःच्या धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) मोहाचं फूलही कागदोपत्री वनोपजच!

दारूचा धागा वेगळा. मुंबई इलाख्यात १८९२ मध्येच मोहफुलाच्या साठ्यावर कायदा आला होता. विदर्भ तेव्हा त्या इलाख्यात नव्हता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्याला जोडला गेला आणि पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. त्यात मोहफूल ही नियंत्रणातली वस्तू ठरली. परिणाम असा की, वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असूनही त्याचा लाडू, भाकर, गुरांचं खाद्य हे उपयोग मागे पडले आणि उघडपणे विकायची सोय नसलेला माल पडत्या भावात व्यापाऱ्याकडे गेला. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींसाठीचा कायदा, १९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) यांनी गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले.

तरी भाव शेवटी ठरतो तो वाळवणीवर. फुलं मार्च-एप्रिलमध्ये रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतात. ऊन चढायच्या आत वेचावीत, कारण उशीर झाला की माती चिकटते आणि गुरंही खाऊन जातात. अंधारात एकट्याने जाणं मात्र टाळावं, अस्वलालाही हेच फूल आवडतं. ताडपत्रीवर एकाच थरात पसरून रोज उलथावं. कडक उन्हात पाच-सात दिवस लागतात आणि चार-पाच किलो ओल्या फुलांतून किलोभर सुकं निघतं. ढग आले, थर जाड झाला किंवा ओल राहून पोत्यात भरलं, तर आंबूस वास येतो, रंग काळवंडतो आणि किडे पडतात. नीट वाळलेलं फूल चोळून आतले केसर काढावेत, मगच खायला वापरावं.

पावसाच्या तोंडाशी टोळी, म्हणजे बिया. टरफल फोडून गर वाळवावा. घाण्यात शंभर किलो गरामागे पंचवीस-तीस किलो तेल मिळतं, थंडीत ते तुपासारखं थिजतं. ढेपेत सॅपोनिन हा विषारी घटक असल्यामुळे ती तशीच गुरांना घालू नये. धानाच्या बांधीत खत म्हणून चालते, पण ते पाणी मासे असलेल्या बोडीत (छोट्या तळ्यात) उतरू देऊ नये.

खरी अडचण पुढच्या पिढीच्या झाडांची आहे. फुलं दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा जाळतात आणि त्या आगीत रोपं जातात, वणवाही तिथूनच पेटतो. जमीन झाडून घ्यावी किंवा जुन्या साड्या, जाळी अंथरावी. फूलही स्वच्छ मिळतं. बरं, टोळी सगळीच वेचली तर उगवायला उरतं काय? बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते, त्यामुळे बी साठवून पुढच्या वर्षी पेरणं व्यर्थ. जून-जुलैत ताजं बी लांब पिशवीत किंवा थेट धुऱ्यावर लावावं. सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून पिशवीत जास्त दिवस ठेवू नये. पहिली काही वर्षं बकऱ्यांपासून काट्यांचं कुंपण हवं. फुलं यायला आठ-दहा वर्षं लागतात.