दुहेरी निष्ठा (इमिग्रेशन डिटेन्शनमधले डॉक्टर)

आसरा मागायला आलेल्या किंवा व्हिसा संपलेल्या परदेशी लोकांना जिथे डांबून ठेवतात तिथे काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सेसचा पेच. पेशंट डांबलेला, पगार डांबणाऱ्याकडून.

हा शब्दप्रयोग नेमका कुठून आला यावर एकमत नाहीये, काहीजण तो लष्करी डॉक्टरांपर्यंत मागे नेतात, पण चर्चेला खरी धार आली ती दक्षिण आफ्रिकेत हे मत जास्त पटतं. १९७७ मध्ये वर्णभेदाविरुद्ध लढणारे कार्यकर्ते स्टीव्ह बिको पोलीस कोठडीत होते, डोक्याला जबर मार, आणि सरकारी डॉक्टरांनी पोलिसांपुढे मान तुकवून त्यांना पोर्ट एलिझाबेथहून प्रिटोरियापर्यंत हजारेक किलोमीटर गाडीत घालून नेऊ दिलं, तिथे ते गेले. पुढे साधारण २००२-०३ च्या सुमारास केप टाऊन विद्यापीठ आणि 'फिजिशियन्स फॉर ह्युमन राइट्स' ही संघटना यांनी याच नावाने गाइडलाइन्स काढल्या. अर्थात शब्द न वापरता हीच गोष्ट संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या तत्त्वांमध्ये आहेच, की कैद्याशी डॉक्टरचं नातं फक्त त्याच्या तब्येतीपुरतं.

ब्रिटनमध्ये 'रूल ३५' आहे. पाठीवरचे डाग बघून डॉक्टरला छळाची शंका आली तर त्याने रिपोर्ट द्यायचा, तो होम ऑफिसकडे (तिथल्या गृहखात्याकडे) जातो, पण सोडायचं की नाही ते तिथला अधिकारी ठरवतो. म्हणजे लिहूनही माणूस आतच राहू शकतो, आणि पेशंटच्या नजरेत डॉक्टर डांबणाऱ्यांपैकीच एक.

आतल्यांच्या उपोषणाबाबत जागतिक वैद्यकीय संघटनेचा माल्टा जाहीरनामा (१९९१) स्पष्ट आहे, शुद्धीवर असलेल्या, समजून-उमजून नाही म्हणणाऱ्याला जबरदस्तीने भरवायचं नाही. डांबलेला अल्पवयीन आहे की सज्ञान हे बघायला मनगटाच्या एक्स-रेवरून वय ठरवणं हा वेगळाच वाद, चूक वर्ष-दोन वर्षांचीही निघते आणि प्रश्न असतो नेमका अठराच्या आतबाहेरचा.

सगळ्यात जास्त लिखाण ऑस्ट्रेलियावर. २०१४ मध्ये मानुस बेटावरच्या (पापुआ न्यू गिनीतलं बेट, ऑस्ट्रेलिया आसरा मागणाऱ्यांना तिथे ठेवायचा) २४ वर्षांच्या इराणी तरुणाच्या पायाला इन्फेक्शन झालं, डॉक्टरांनी हलवा म्हणून सांगितलं पण परवानगी सरकारी अधिकाऱ्यांकडून यायची होती, तो ब्रिस्बेनमध्ये वारला, आणि हा मृत्यू टळू शकला असता असं कोरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) २०१८ मध्ये म्हटलं. मधल्या काळात, २०१५ च्या बॉर्डर फोर्स कायद्याने आतली माहिती बाहेर फोडली तर दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. २०१६ मध्ये डॉक्टर-नर्सना त्यातून वगळलं. मग डॉक्टरांनी अशा ठिकाणी कामच करू नये का? बहिष्कारवाल्यांचं म्हणणं, तुमच्या असण्यानेच सेंटरला इभ्रत मिळते. तत्त्व म्हणून ते बिनतोड आहे, पण डॉक्टर उठून गेला तर पहिला मार आतल्या पेशंटलाच, त्यामुळे राहून आवाज उठवण्याची बाजू थोडी जड वाटते. २०१९ च्या मार्चमध्ये 'मेडेव्हॅक' कायदा आला, दोन डॉक्टरांच्या शिफारशीवर पेशंटला ऑस्ट्रेलियात आणायची सोय झाली. त्याच डिसेंबरमध्ये तो रद्दही झाला.