जर्मनच्या वाचनपाठांतील लोककथा: पार्श्वभूमी

जर्मनचे प्राथमिक व्याकरण आटोपत आले, की वाचनासाठी पुढे येते ती बहुधा ग्रिम बंधूंची परीकथा. मुलांची गोष्ट म्हणजे सोपी भाषा, हा त्यामागचा समज. प्रत्यक्षात याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांनी १८१२ मध्ये ८६ कथांचा पहिला खंड आणि १८१५ मध्ये दुसरा खंड काढला, तेव्हा त्यांचा ओढा मुलांच्या करमणुकीपेक्षा लोकपरंपरा जतन करण्याकडे अधिक होता आणि संग्रहाला अभ्यासकांसाठी टिपाही जोडलेल्या होत्या. कथा पुरवणाऱ्यांत कासेलजवळच्या खेड्यातील डोरोथेआ फीमान ही शिंप्याची पत्नी होती, तशाच कासेलमधील सुस्थितीतल्या घरांतील शिकलेल्या तरुणीही होत्या.

पुस्तक मुलांच्या हाती देण्याजोगे नाही, अशी टीका झाल्यावर विल्हेल्म यांनी कथांवरून वारंवार हात फिरवला. १८२५ मध्ये निवडक ५० कथांची छोटी आवृत्ती निघाली, आणि आज प्रमाण मानला जाणारा पाठ १८५७ च्या सातव्या आवृत्तीतला आहे. या संस्कारांनी कथा सोप्या झाल्या, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. ‘बेडूक राजा’ १८१२ मध्ये ‘एकदा एक राजकन्या होती, ती रानात गेली आणि एका थंडगार विहिरीपाशी बसली’ इतक्या सरळपणे सुरू होते. १८५७ मध्ये त्या जागी, इच्छा केली की ती फळाला येई अशा जुन्या काळाचे, एका राजाचे आणि सूर्यालाही चकित करणाऱ्या त्याच्या धाकट्या मुलीचे लांबलचक वर्णन येते. नवशिक्याला मूळ पाठच द्यायचा असेल, तर या कथेपुरती तरी पहिली आवृत्ती अधिक सोयीची आहे, असे माझे मत आहे.

परीकथेचे खरे बळ तिच्या पुनरुक्तीत आहे. ‘लाल टोपीवाली’ आजीचे कान, डोळे, हात आणि तोंड यांविषयी एकाच साच्यात चार वेळा नवल करते, आणि लांडगा ‘दास’ने (dass, ‘की’ या अर्थाचे उभयान्वयी अव्यय) सुरू होणारे व क्रियापद शेवटी टाकणारे गौण वाक्य चारही वेळा उत्तरादाखल म्हणतो, वाक्यरचनेचा नियम त्यामुळे न घोकता कानात बसतो. शिवाय बोलताना भूतकाळासाठी बहुधा ‘पेर्फेक्ट’ (सहायक क्रियापद लावून होणारे रूप) वापरले जाते, तर कथेचे निवेदन ‘प्रेटेरिटुम’मध्ये (साध्या भूतकाळात) चालते, म्हणून ‘गिंग’ (गेला), ‘काम’ (आला), ‘श्प्राख’ (बोलला) ही रूपे विद्यार्थ्याला वाचनातूनच सवयीची होतात.

‘झागे’, म्हणजे आख्यायिका, हा प्रकार ग्रिम बंधूंनीच १८१६ आणि १८१८ च्या दोन खंडांत वेगळा मांडला. परीकथेला ठावठिकाणा नसतो, तर आख्यायिका गाव आणि साल सांगते: हामेल्नची १३० मुले १२८४ मध्ये पुंगीवाल्यामागे गेली, असे ती एखाद्या नोंदीसारखे सांगते. त्यामुळे तिची भाषा वृत्तान्ताच्या जवळ जाते आणि स्थळकाळाचे शब्दप्रयोग शिकवायला ती फार उपयोगी पडते.

‘श्वांक’ हा विनोदी प्रकार सोळाव्या शतकाच्या आरंभी स्ट्रासबुर्गमध्ये छापलेल्या टिल ऑयलेनश्पीगेल या खोडकर भटक्याच्या कथांतून सर्वदूर पोहोचला. काय भाजू, असे टिल विचारतो, तेव्हा त्याचा बेकरीमालक वैतागून घुबडे आणि माकडे भाज म्हणतो, आणि टिल रात्रभर कणकेची घुबडे-माकडेच भाजतो. सारी गंमत मालकाचा उपरोध शब्दशः घेण्यात असल्यामुळे हे वाचन भाषेचा सूर ओळखू येऊ लागल्यावरच द्यावे.

‘फाबेल’ किंवा नीतिकथा मराठी विद्यार्थ्याला सर्वांत लवकर ओळखीची वाटते. त्याला सबळ कारण आहे: पंचतंत्र पहलवी, अरबी, हिब्रू आणि लॅटिन या वाटेने पंधराव्या शतकात जर्मनमध्ये पोहोचले. पुढे १८५९ मध्ये थेओडोर बेन्फाय यांनी ते थेट संस्कृतमधून जर्मनमध्ये आणले आणि युरोपातील असंख्य कथांचे मूळ भारतात असल्याचे प्रतिपादन केले. हा सिद्धान्त त्या व्याप्तीत आज मान्य नसला, तरी नीतिकथांच्या या प्रवासाविषयी वाद नाही.